लाल लघवी: गोचीड की फॉस्फरस?

वाचकाचं पत्र:

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. घरी दोन म्हशी आहेत. मोठी तिसऱ्या वेताची. व्याल्यानंतर अठराव्या दिवशी सकाळी तिने काळ्या चहासारखी लघवी केली. फेसही होता. आदल्या दिवशी अकरा लिटर दूध होतं, संध्याकाळी चारवर आलं. आई म्हणाली, नजर लागनी. गावात इंजेक्शन देणारे एकजण आहेत, त्यांनी लांबूनच पाहून "गोचीड ताप" म्हटलं आणि पिवळं इंजेक्शन टोचलं. दोन दिवसांनी म्हैस उठेना. मग तालुक्याहून डॉक्टर बोलावले. त्यांनी थर्मामीटर लावला, 101 निघाला. कानातून रक्ताचा थेंब तपासायच्या काचेवर घेतला, गळ्यातून रक्त काढून लॅबला पाठवलं. काचेत काही सापडलं नाही, फॉस्फरस 1.8 आला. त्यांनी शिरेतून फॉस्फेटची बाटली लावली, तोंडाने पावडर दिली. दुसऱ्या दिवशी लघवी निवळली. आता खातेपिते, पण अशक्त आहे.

दोन वर्षांपूर्वी नगरकडून आणलेली आमची होलस्टीन गाय अशीच लाल लघवी करून गेली. तिच्या अंगावर गोचीड मायंदाळ होती, ताप 106 होता. तिला गोचीड ताप होता असं सांगितलं होतं. मग हिला फॉस्फरस कसा? गोचीड फॉस्फरस शोषते का? की फॉस्फरस कमी असला की गोचीड ताप येतो? यंदा ढेपेचा भाव परवडला नाही, म्हणून उन्हाळ्यात कडबा आणि शालकाकडून यावलहून आणलेल्या केळीच्या खांबांवर दोन्ही म्हशी काढल्या. त्याचा काही संबंध? (या म्हशीने आषाढात आईची चप्पल चावून खाल्ली होती, हेही सांगतो.) मुलगा म्हणतो डीएपी खतात फॉस्फरस असतो, चमचाभर पाण्यातून पाजू. पाजावं का? दुसरी म्हैस मार्गशीर्षात विणार आहे. आणि ते दूध आम्ही प्यायलो, त्याचं काय?

उत्तर:

नमस्कार भाऊ,

आधी डीएपीचं. पाजू नका. मुलाला सांगा, गोणीवरचा 18:46 मधला 46 हा आकडा निव्वळ फॉस्फरसचा नसतो, आणि 18 हा नत्राचा असतो, तोही अमोनियाच्या रूपात. युरिया खाऊन जनावर कसं फुगून तडफडतं ते तुमच्याकडे कोणी ना कोणी पाहिलेलं असेल. हा त्याच वाटेचा प्रकार. सुपर फॉस्फेटचंही तेच समजा, त्यात अमोनिया नसला तरी फ्लोरिन असतं, ते दातांत आणि हाडांत जाऊन बसतं. खताचा फॉस्फरस पिकाला, खाद्याचा म्हशीला. मुलाचा विचार मात्र चुकीच्या दिशेने गेलेला नाही. त्याने नेमका घटक ओळखला, गोणी चुकीची धरली.

आता तुमचा खरा प्रश्न. गाय आणि म्हैस, दोघींची लघवी एकाच रंगाची, मग आजार दोन कसे? रंग लघवीचा नव्हताच, तो रक्ताचा होता. रक्तातल्या तांबड्या पेशी शिरेतच फुटल्या की त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोकळं होतं, मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतं आणि लघवी चहासारखी, कॉफीसारखी दिसते. पेशी कोणी फोडल्या हे लघवी सांगत नाही. चोर दोन, पण दोघांनी घर एकाच पद्धतीने फोडलं, म्हणून तुम्हाला चोर एकच वाटला.

गायीच्या बाबतीत चोर बाहेरून आला होता. बबेशिया नावाचा एकपेशीय परजीवी. गोचीड रक्त पिताना तो सोडते, तो तांबड्या पेशीत शिरतो, एकाचे दोन होतात आणि पेशी फोडून बाहेर येऊन पुढची धरतात. काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीच्या पोटात दोन नासपती टोकाला टोक लावून बसल्यासारखे दिसतात. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. या आजाराने जगाला एक मोठा धडा शिकवला. 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं की टेक्सास ताप म्हणून गुरं मारणारा हा रोग गोचिडीमुळे पसरतो. कीटकासारखा एखादा रक्तपिपासू जीव रोग नेतो-आणतो हे पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालं ते या गुरांच्या रोगात. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसना डासात मलेरियाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये. तिकडच्या गुराख्यांना गोचिडीचा संशय आधीपासून होता, शहाण्यांनी तो हसण्यावारी नेला होता. आपल्याकडेही "गोचीड ताप" हा शब्द गोठ्यातलाच आहे, तो कोणी पुस्तकातून आणलेला नाही.

म्हशीच्या बाबतीत चोर घरातला होता. किंबहुना चोर नव्हताच, घराचीच भिंत कच्ची झाली होती. तांबडी पेशी हे फार साधं यंत्र आहे. तिला केंद्रक नाही, ऊर्जा बनवणारे आतले मोठे कारखाने नाहीत. साखर मोडून जी थोडी ऊर्जा मिळते तिच्यावर ती आपलं आवरण ताणून, शाबूत धरून ठेवते. त्या ऊर्जेच्या नाण्याचं नाव एटीपी, आणि त्या नाण्यातला धातू म्हणा, तो फॉस्फरस. रक्तात फॉस्फरस घसरला की नाणी पडत नाहीत, आवरण राखायला काही उरत नाही, पेशी फुगते आणि केशवाहिनीच्या चिंचोळ्या बोळातून जाताना फुटते. ताप नाही, जंतू नाही, तरी लघवी लाल.

हा आजार व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या वेताच्या, चांगलं दूध देणाऱ्या जनावरात येतो. तुमचं पत्र या वर्णनात फूटपट्टी लावल्यासारखं बसतं: तिसरं वेत, अठरावा दिवस, अकरा लिटर. म्हशींमध्ये तो गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांतही दिसतो, म्हणून दुसऱ्या म्हशीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ते शेवटी.

गोचीड फॉस्फरस शोषते का? नाही. ती रक्त पिते, त्यात थोडा फॉस्फरस जात असेलच, पण म्हशीचा फॉस्फरस गोचिडीने संपवला असं होत नाही. तो दुधातून गेला. म्हशीच्या एक लिटर दुधात एक ग्रॅमहून जास्त फॉस्फरस असतो, म्हणजे अकरा लिटरबरोबर रोज अकरा-बारा ग्रॅम तरी बादलीतून तुमच्या डेअरीवर जात होता. तिच्या स्वतःच्या हाडामांसाची गरज वेगळी. आणि येत कुठून होता? दहा किलो ज्वारीच्या कडब्यात ढोबळमानाने दहा-बारा ग्रॅम, तोही सगळा अंगी लागत नाही. केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. उन्हाळ्यात ते गुरांना गार वाटतं, पोट भरल्यासारखं दिसतं, पाण्याची ददात मिटते. माझा त्याला विरोध नाही. पण खांब म्हणजे खुराक नव्हे. तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत फॉस्फरस चुन्याशी बांधला जातो हे तुम्हाला कपाशीच्या अनुभवावरून माहीत आहे, म्हणून तर तुम्ही डीएपी टाकता. त्याच जमिनीतला चारा म्हशीच्या पुढ्यात येतो, एवढाच पुढचा विचार करायचा.

आता चप्पल. कंसात लिहिलीत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती होती. आषाढात म्हैस चप्पल खाते, धोतर चघळते, गोठ्याची भिंत चाटते, उकिरड्यावरचं हाडूक तोंडात धरून उभी राहते, तेव्हा ती खोडकर झालेली नसते. ती मागत असते. फॉस्फरसची उणीव ओळखायची ही सगळ्यात जुनी खूण. दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर नावाचे मूळचे स्विस पशुवैद्य होते. तिकडच्या माळरानावर गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळायची आणि अंग लुळं पडून मरायची. थायलरांनी उलगडा केला: गवतात फॉस्फरस नाही म्हणून गुरं हाडांकडे वळतात, आणि कुजक्या हाडांतल्या विषाने मरतात. गंमत अशी की याच माणसाने गोचिडीपासून होणाऱ्या रोगांवरही आयुष्य घालवलं, आणि आपल्या संकरित गायींना छळणाऱ्या थायलेरिया या परजीवीला त्यांचंच नाव मिळालं. तुमच्या गोठ्यातल्या दोन आजारांचे दोन धागे त्या एका माणसाच्या हातात होते. (त्यांचा मुलगा मॅक्स, पीतज्वराच्या लशीबद्दल 1951 चं नोबेल मिळवणारा. घराणंच असं.)

फॉस्फरस कमी असला की गोचीड ताप येतो का? सरळ असं नाही. बबेशिया हवाच, आणि तो आणणारी गोचीड हवी. पण दोघांची गाठ पडते ती बाळंतपणात. पूर्वी गोचीड ताप येऊन बरं झालेलं जनावर तो परजीवी थोड्या प्रमाणात अंगात बाळगून असतं. विणं, दुधाचा ताण, अपुरा खुराक यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की तो पुन्हा उचल खातो. नेमक्या त्याच दिवसांत फॉस्फरसही तळाला जातो. म्हणून व्याल्यानंतरची लाल लघवी हा दोन रस्त्यांचा तिठा आहे, आणि तिथे उभं राहून अंदाजाने हात दाखवायचा नसतो.

थर्मामीटर लावायचा. निरोगी म्हशीचा पारा 101 च्या आसपास असतो. गोचीड तापात तो 105, 106, कधी त्याहून वर जातो, तुमच्या गायीचा गेला होता तसा. फॉस्फरसच्या आजारात तो बहुधा हलत नाही. आपल्याकडे एक पथ्य मात्र पाळायचं. वैशाखात जळगाव-धुळ्याला भर दुपारी काळी म्हैस उन्हातून आणून थर्मामीटर लावाल तर धडधाकट म्हशीलाही ताप निघेल. सकाळी लावा, किंवा सावलीत बांधून, पाणी मारून, तासाभराने. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या कडेला टेकवून निदान एक मिनिट धरायचा. त्याला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला कपड्याचा चिमटा लावा, चिमटा शेपटीच्या केसांना. मी नोकरीत नवीन असताना असा दोरा न बांधता लावलेला एक थर्मामीटर म्हशीने बसता बसता शेणासकट गव्हाणीमागे टाकला होता, तो शोधायला मालकाची तिन्ही मुलं लावली होती.

दुसरं, लघवी काचेच्या ग्लासात धरून तासभर न हलवता ठेवा. तळाशी लाल गाळ बसला आणि वरचं पाणी निवळलं तर ते मूत्रमार्गातून आलेलं रक्त, ते तिसरंच प्रकरण. सगळं सारखंच तपकिरी राहिलं तर पेशी फुटताहेत. हात लावल्यावर साबणाने धुवा. लेप्टोस्पायरा नावाचा एक जंतूही लाल लघवी करतो आणि तो माणसाला लागतो.

तिसरी गोष्ट, तुमच्या पत्रातला तो रक्ताचा रिपोर्ट. काचेत परजीवी सापडला नाही, म्हणून गोचीड ताप नव्हताच असं मी शपथेवर म्हणणार नाही, कारण काच घेतली ती पिवळं इंजेक्शन दिल्यानंतर दोन दिवसांनी. ते औषध, डायमिनाझीन, बबेशिया मारायचंच आहे. आधी झाडू मारायचा आणि मग कचरा दिसत नाही म्हणायचं, तशातला प्रकार. काच घ्यायची ती कोणतीही सुई टोचण्याआधी, कानाच्या टोकातून, आणि लगेच हलवून वाळवायची. फॉस्फरसच्या आकड्याबद्दल मात्र मला शंका नाही. मोठ्या जनावरात तो 4 ते 7 च्या दरम्यान हवा. तुमचा 1.8. पेशी फुटलेल्या रक्तात हा आकडा उलट फुगून येतो, कारण पेशीतला फॉस्फरस बाहेर सांडतो. फुगूनही 1.8 म्हणजे खरा किती असेल ते तुम्हीच बघा. त्यात फॉस्फेट दिल्यावर एका दिवसात लघवी निवळली. म्हशीची कातडी जाड, तिला बबेशिया संकरित गायीच्या मानाने कमीच होतो. तालुक्याच्या डॉक्टरांचं निदान मला पटतं.

गावातल्या इंजेक्शनवाल्यांवर मी फार तुटून पडणार नाही. खेड्यात रात्री अकराला कोण येतं हे मला माहीत आहे. त्यांनी दिलेलं औषध तुमच्या गायीला दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मिळालं असतं तर ती कदाचित उभी असती. त्यांची चूक औषधाची नाही, लांबून पाहण्याची. फॉस्फरसच्या या आजारात उपचाराविना जनावर तीन ते पाच दिवसांत रक्त संपून जातं, त्यातले दोन दिवस गेले. पुढच्या वेळी ते आले की आधी थर्मामीटर त्यांच्या हातात द्या. दवाखाना बंद असेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

बाटलीबद्दल एक बारीक सूचना. शिरेतून द्यायचं असतं ते सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट, निर्जंतुक पाण्यात विरघळवून, सावकाश, आणि ते डॉक्टरचंच काम. नंतर तीच पावडर तोंडाने काही दिवस. दुकानात फॉस्फरसचं टॉनिक म्हणून छोट्या बाटलीतली इंजेक्शनं मिळतात, त्यांतला फॉस्फरस वेगळ्या रूपात आणि अगदी थोडा असतो; लाल लघवीच्या दिवशी त्यांच्या भरवशावर बसू नका. कॅल्शियमची बाटलीही इथे कामाची नाही. "रोज कॅल्शियम पाजतो" हे मी इतक्या गोठ्यांत ऐकलंय की आता मोजणं सोडलं. चुन्याची निवळी असो की डब्यातलं गुलाबी औषध, त्यात फॉस्फरस किती हे लेबलवर वाचा. नुसत्या कॅल्शियमचा मारा फॉस्फरसला उलट अंगी लागू देत नाही. म्हैस फारच पांढरी पडली, डोळ्याची आतली कड कागदासारखी झाली, उभी राहता येईना, तर निरोगी म्हशीचं चार-पाच लिटर रक्त तिला देता येतं. गावात हे ऐकून लोक हसतात, पण जनावराला पहिल्यांदा रक्त देताना माणसासारखी गटाची अडचण सहसा येत नाही, आणि मी म्हशी उठताना पाहिल्या आहेत.

तुमची म्हैस अशक्त राहणारच. गेलेलं रक्त भरायला तीन आठवडे, कधी महिना लागतो. त्यात तिला उन्हात चरायला नेऊ नका, चालवू नका. लोहाचं टॉनिक आता दिलं तर चालेल.

खुराकाचं बोलू. तुम्ही लिहिलंत, ढेपेचा भाव परवडला नाही. मान्य. पण आपल्याकडे एक सवय आहे, ती भावाच्या आधीची आहे: आटलेल्या म्हशीला ढेप कशाला? दूध सुरू असेपर्यंत घमेलं, दूध आटलं की कडबा. नेमक्या त्या दोन-अडीच महिन्यांत पोटातलं पारडू हाडं बांधत असतं आणि म्हैस पुढच्या वेताची शिदोरी. ती शिदोरी रिकामी ठेवून व्याल्यावर कितीही ढेप ओतली तरी पहिल्या महिन्यात तूट भरत नाही. सरकी ढेपेत आणि गव्हाच्या कोंड्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे किलोला दहा ग्रॅमच्या आसपास. ढेप महाग असेल तर कोंडा धरा. कोंड्यातला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की कोंबडीला त्याचा फारसा उपयोग नाही, पण म्हशीच्या पोटातले जंतू तो मोकळा करून देतात. रोज दीड-दोन किलो कोंडा, थोडी तुरीची चुनी, त्यात पन्नास-साठ ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ, रात्री भिजवून सकाळी आंबोण. खनिज मिश्रणाची पिशवी घेताना किंमत नंतर बघा, फॉस्फरसचा आकडा आधी. तो 12 टक्क्यांच्या आसपास हवा. काही पिशव्यांत चुनाच जास्त असतो.

साक्री-पिंपळनेरकडच्या वाचकांसाठी इथे एक वळसा. चाळीतला खराब कांदा टोपलीने गुरांना टाकतात. कांद्यानेही तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते, गायीला तर फार लवकर. फ्लॉवर-कोबीचा पाला सलग आठवडाभर घातला तरी तेच. डॉक्टरना गोठ्यात काय टाकलं होतं ते न लाजता सांगा, नाहीतर तेही बिचारे गोचीड शोधत बसतील.

गोचिडीचा विषय राहिला. गाय गेली, पण ती गोचीड गेली नाही, तिची नातवंडं तुमच्या भिंतीत आहेत. फुगलेली मादी, एरंडाच्या बीएवढी, खाली पडते आणि फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. (एरंडाच्या शास्त्रीय नावातला रिसिनस हा लॅटिन शब्द मुळात गोचिडीचाच. बी दिसते तशीच.) बबेशिया त्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून आजारी गाय दिसत नसली तरी रोग गोठ्यात मुरलेला असतो. पुढेमागे पुन्हा बाहेरून गाय आणलीत तर हे ध्यानात ठेवा. गावच्या वासरांना लहानपणीच थोडा थोडा परजीवी लागून सवय होते, तेवढ्या वयात ती सहसा दगावतही नाहीत. गोचीड नसलेल्या पक्क्या गोठ्यातून आलेली दुभती होलस्टीन मात्र पहिल्या पावसाळ्यातच सापडते. थायलेरियावर लस आहे, संकरित गाय घेतली की डॉक्टरना तिच्याबद्दल विचारा.

औषध अंगावर मारता त्याच दिवशी भिंतीवर, गव्हाणीखाली, दावणीच्या खुंटापाशी मारा. फटी सिमेंटने किंवा शेणमातीने लिंपा, वर चुना द्या. पंधरा-वीस दिवसांनी परत मारा, कारण अंडी तेव्हा फुटतात. मारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटत नाही. आणि कपाशीवर फवारायचं औषध गोठ्यात आणू नका. दर पावसाळ्यात त्याने कुठेतरी तोंडाला फेस येऊन बैल पडतो. पाच-सहा गावठी कोंबड्या सोडल्या तर त्या गोठ्यातली गोचीड दिवसभर टिपत फिरतात, आणि त्यांना लेबल वाचावं लागत नाही.

नखाने गोचीड चिरडायची सवय सोडा, पोरांनाही सोडायला लावा. तुमच्या गायीचा बबेशिया माणसाला लागत नाही, पण दुसऱ्या एका जातीची गोचीड क्रिमियन काँगो नावाचा रक्तस्रावी ताप नेते, आणि तो आपल्या शेजारी गुजरातमध्ये 2011 पासून माणसांत सापडला आहे. चिमट्याने धरून ओढा, रॉकेलच्या डबीत टाका.

दूध. या आजाराचं दूध उकळून प्यायलात तर आजारामुळे काही होत नाही, फॉस्फेटमुळेही नाही. अडचण पिवळ्या इंजेक्शनची. त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. तारीख लिहून ठेवा, डॉक्टरना किती दिवस थांबायचं ते विचारा, तोवरचं दूध डेअरीलाही घालू नका. प्यायलात त्याची धास्ती बाळगू नका.

आता दुसरी म्हैस. मार्गशीर्षात विणार म्हणजे हातात दोन महिने आहेत. तीही त्याच कडब्यावर आणि त्याच खांबांवर निघालेली आहे. हे उत्तर वाचून झालं की बाजारातून कोंड्याचं पोतं आणा. पहिले चार दिवस अर्धा किलो, मग वाढवत दीड-दोन किलोवर. आतापर्यंत आटवली नसेल तर आता आटवा. पुढच्या आठवड्यात तालुक्याचे डॉक्टर मोठ्या म्हशीला बघायला येतील, तेव्हा हिच्याही गळ्यातून रक्त काढून फॉस्फरस बघायला सांगा. अशी तपासणी लाल लघवी दिसण्याआधी करायची असते. व्याल्यानंतर महिनाभर रोज सकाळी पहिली लघवी कोणीतरी पाहा. आई लवकर उठत असतील, त्यांना सांगा. आणि चपला उंच ठेवा.